मधली खुर्ची

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर आईने विचारलं, "दर रविवारी तिथे जाऊन तुम्ही नेमकं करता तरी काय?" मी म्हटलं, "गाणी ऐकतो." बाबा मागून म्हणाले, "काय म्हणते?" आई म्हणाली, "काही नाही, गाणी ऐकतात," आणि विषय तिथेच संपला. तो इतक्यात संपण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र. शिवाय एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. ती फोनवर जमली नसती.

आम्ही चौघं आहोत. सर निवृत्त गणिताचे शिक्षक, बाबांहून थोडे मोठेच. दुसरी नर्स आहे, रात्रपाळी करून थेट येते आणि कधी कधी पहिल्याच रेकॉर्डला झोपते. तिसरा बावीस वर्षांचा, बेस, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजाचं त्याला वेड, म्हणून आम्ही त्याला बेसवेडा म्हणतो. आणि मी. एरवी आम्ही चौघं कुठल्याही कारणाने एका खोलीत आलो नसतो. मी सरांकडे त्यांचा जुना टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, विकत घ्यायचा म्हणून बघायला गेले होते. त्यांनी आधी एक रेकॉर्ड लावली आणि मला खुर्ची दाखवली. ती बाजू संपली, मग दुसरी. टर्नटेबल घ्यायचा राहूनच गेला.

त्या खुर्चीबद्दल सांगते. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. (सर हे सांगताना अजूनही हवेत खडू धरतात.) बरोबर त्या बिंदूवर बसलं की आवाज स्पीकरमधून येईनासा होतो. दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेत गाणारी बाई उभी राहते, तिच्या मागे तानपुरा, उजवीकडे तबला. हातभर बाजूला सरकलात की सगळं जवळच्या स्पीकरमध्ये गोळा होतं आणि बाई नाहीशी होते. म्हणजे अशी जागा खोलीत एकच, आणि आम्ही चौघं. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असते. ती संपली की कोणीतरी उठून तबकडी उलटायची आणि मधल्या खुर्चीवरच्याने उठून दुसऱ्याला जागा द्यायची, एवढाच आमचा नियम. पण नर्सची रात्र वाईट गेली असेल तर तिला कोणी उठवत नाही. काय झालं, हेही विचारत नाही. दोन बाजू, तीन बाजू, तिचीच खुर्ची. माझी नोकरी गेली होती ते महिने आठवतात? तुम्हाला मी "सगळं ठीक आहे" म्हणत होते. तेव्हा सलग चार रविवार त्या खुर्चीतून मला कोणी हलवलं नव्हतं.

भांडणंही होतात. या छंदातली माणसं महागड्या वायरींवरून हमरीतुमरीवर येतात, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी चर्चा मला पोकळ वाटते. पण मीही शहाणी नव्हते. एमपी-थ्री, म्हणजे गाण्याची आकार कमी केलेली फाईल, मला लगेच ओळखता येते, असं मी एकदा मोठ्या तोऱ्यात म्हटलं. सरांनी परीक्षाच घेतली. एक सीडी आणि तिच्यावरूनच केलेली ३२० केबीपीएसची, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची एमपी-थ्री. दोन्हींचा आवाज आधी मोजून अगदी सारखा केला, कारण जरासा मोठा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो. मग पडद्यामागून दहा वेळा वाजवलं. माझी चार उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पाच आली असती! मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज झाकले जातात, कानाला तसेही ऐकू येत नाहीत, तेच एमपी-थ्री करताना मुख्यतः टाकून देतात, हे मला त्या दिवशी कळलं. बेसवेडा हसून लोळत होता. मग त्याचीही परीक्षा झाली. त्याला तीन.

आता बाबा, हे तुमच्यासाठी. सरांना वरचे, बारीक स्वर ऐकू येईनासे झालेत. वयाबरोबर आधी तेच जातात. त्यांनी ते लपवलं नाही. नवीन सुई बसवली की ते बेसवेड्याला मधे बसवतात आणि विचारतात, "वरचं टोचतंय का? माझ्या कानांवर जाऊ नकोस." आयुष्यभर कानाचा अभिमान बाळगलेला माणूस हे बावीस वर्षांच्या पोराला विचारतो. त्यांच्याकडूनच मला समजलं की स, श, थ, फ ही व्यंजनं त्या वरच्या पट्टीत असतात. म्हणून आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. मी फोनवर तुमच्याशी ओरडून बोलते त्याचा काही उपयोग नाही, उलट त्रासच. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायला हवं. आणि कानातलं मशीन लावल्यावर गाणं बेसूर वाटतं, असं म्हणून तुम्ही ते कपाटात ठेवलंत ना? ती यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी केलेली असतात. बासरीचा लांबवलेला सूर म्हणजे यंत्रातूनच निघालेली शिट्टी, असं समजून काही यंत्रं तो दाबायला जातात. पुष्कळ मशीनमध्ये संगीतासाठी वेगळी सेटिंग करता येते. सरांनी करून घेतली आहे. तुमच्या मशीनचं मी विचारून येईन.

आता कबुली. आई, आजीच्या आवाजातली ती टेप मशीनने खराब केली नव्हती. मी केली होती. बाबांनी कॅसेटच्या पाठीवरची दोन्ही प्लॅस्टिकची पानं तोडून ठेवली होती, कोणी चुकून वर काही भरू नये म्हणून. मी बारा वर्षांची होते, मला रेडिओवरची गाणी हवी होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. त्या भोकावर सेलोटेप लावली की पुन्हा भरता येतं, हे मला मैत्रिणीने सांगितलं होतं. वीसेक मिनिटं भरल्यावर भीती वाटली आणि थांबले. तू टेपरेकॉर्डरला दोष दिलास, आणि मी देऊ दिला.

गेल्या खेपेला ती कॅसेट मी न सांगता घेऊन आले. सगळ्यात आधी हे या तिघांना सांगितलं, तुम्हाला सांगायच्या आधी. याचा राग येईल, तो रास्त आहे. आतली फेल्टची गादी निखळली होती, ती नर्सने चिमट्याने बसवली. तिच्यासारखा स्थिर हात आमच्यात कोणाचा नाही. पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता. सर म्हणाले, ज्या मशीनवर टेप भरली त्याचं हेड, म्हणजे टेपला टेकणारा भाग, किंचित तिरकं असणार. आता आपलंही तितकंच तिरकं करायला हवं. मग सर डेकवरचा बारीक स्क्रू केसभर फिरवत होते आणि बेसवेडा कान लावून सांगत होता, "अजून… अजून… मागे… बस." मी फक्त टॉर्च धरला होता.

नऊ मिनिटं शिल्लक आहेत. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिल्याने एका वेढ्याचा आवाज दुसऱ्यावर उतरलाय. आजी शब्द उच्चारते त्याच्या किंचित आधी तोच शब्द अगदी पुसट ऐकू येतो. शेवटी बाबा म्हणतात, "आता नाव सांगा, रेकॉर्डवाल्या बायका सांगतात तसं." सरांनी लगेच १९०२ सालच्या गायिका गौहर जानची गोष्ट काढली. तबकड्या जर्मनीत छापायच्या, तिथल्या लोकांना लेबलवर नाव घालता यावं म्हणून ती गाणं संपल्यावर स्वतःचं नाव सांगायची. आजी आधी नुसती हसते. मग माहेरचं नाव सांगते, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आणि "अगंबाई!" म्हणून घाईघाईने सासरचं.

तिघांनी ऐकलं. मधली खुर्ची मात्र आम्ही रिकामी ठेवली होती. आई, तू येऊन तिथे बस, आणि मग मला काय बोलायचं ते बोल.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, खोक्यातल्या बाकीच्या टेपा तुमच्या टेपरेकॉर्डरवर लावून बघू नका. त्याचा रबरी पट्टा सैल झालाय, तो टेप खातो. येताना खोकं तसंच घेऊन या.