एक ‘ळ’

डब्लिन,
१८ नोव्हेंबर

ती. नाना व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

नाना, डोळ्याची पट्टी निघाली हे दादाने कळवलं. म्हणून हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये जागा सोडून लिहिते आहे. फोनवर आपण हवा, जेवण आणि औषधं यांपलीकडे जात नाही. हे तुम्ही स्वतः वाचावं. दादाकडून वाचून घेऊ नका.

मागच्या महिन्यात इथल्या एका वाचनालयाने मला माझ्या कथांवर बोलायला बोलावलं होतं. वीसेक माणसं आली होती. अनुवाद वाचून झाल्यावर एका बाईंनी विचारलं, तुमच्या लिहिण्यावर प्रभाव कोणाचा? मी चार-पाच कथाकारांची नावं सांगितली. सगळी खरी होती, त्यांचं ऋण मला मान्यच आहे. परतताना बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसले होते. समोरच्या काचेवरून पाऊस ओघळत होता आणि एकदम छातीत धस्स झालं. तुमचं नाव मी घेतलंच नव्हतं.

शाळा सुटली की मी गणपती आळीतल्या छापखान्यात यायची. दप्तर कागदाच्या रिमांवर टाकायचं आणि तुमच्या स्टुलाजवळ उभं राहायचं. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात अक्षरांच्या खिळ्यांच्या केसमधल्या खणांवरून फिरतोय आणि नजर मात्र हस्तलिखितावर. काना, मात्रा, वेलांटी, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळ्यांचे खण वेगळे. तुमच्या बोटांना ते पाठ होते. तुम्ही एकदा म्हणाला होतात, “ओळ ढिली राहिली तर जुळवलेला फर्मा उचलताना खिळे गळतात.” मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. आजही रोज पहाटे पाचला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसते तेव्हा हेच करते. वाक्य हातात उचलून बघते. काही गळलं, तर पुन्हा जुळवते. माझी वाक्यं छोटी का असतात, असं इथे विचारतात. प्रत्येक अक्षर कुणाला तरी उभं राहून उचलावं लागतं, हे मी लिहायला लागण्याच्या आधी पाहिलंय म्हणून.

आणि ती रात्र. तुम्हाला आठवते का, मला माहीत नाही. मी डबा घेऊन आले होते. एक गृहस्थ उत्तरकार्याचं पत्र छापायला आले होते, त्यांचा मुलगा गेला होता, सात वर्षांचा. मजकूर चार ओळींचा. एरवी तुम्ही तो दहा मिनिटांत जुळवला असता, पण त्या रात्री तास गेला. प्रूफ काढलंत, वाचलंत, पुन्हा काढलंत. चूक एकही नव्हती. मग त्या मुलाच्या नावातला कडा झिजलेला एक खिळा काढून तिथे कोरा करकरीत खिळा बसवलात. डबा तसाच गार झाला. त्या गृहस्थांना ते कधी कळलं नसेल. दुःखाबद्दल लिहायचं तर हात कसा ठेवायचा, हे मी त्या रात्री पाहिलं. पुढे कितीतरी पुस्तकं वाचली, पण याहून स्पष्ट कोणी सांगितलं नाही.

इथलं रोजचं सांगायचं तर, सात वाजता वही मिटते. मग डबा, मुलांच्या शाळा, बस, ऑफिस. दुपारी साडेचारलाच अंधार पडतो. आई, भाजणी अजून पुरवून पुरवून वापरते आहे. थालीपीठ लावलं की धाकटा आपणहून ताट घेऊन बसतो.

नाना, गेल्या आठवड्यात मी इथलं मुद्रण संग्रहालय पाहून आले. बेगर्स बुश भागात जुन्या लष्करी बराकींमधलं प्रार्थनाघर आहे, तिथे ते थाटलंय. दार उघडलं आणि शाईचा तो वास आला. मी तिथेच थांबले. यांच्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १९१६ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, चोरून छापला गेला. खिळे इतके कमी होते, की आधी वरचा अर्धा भाग जुळवून छापला, मग तेच खिळे मोडून खालचा अर्धा. ‘ई’ अक्षर पुरेना म्हणून दुसऱ्या वळणाची ‘ई’ मध्येच घातली. एका ठिकाणी तर ‘एफ’ला लाखेचा पाय लावून ‘ई’ केली, असं सांगतात. जाहीरनामा वाचून दाखवणाऱ्याचं नाव इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मी मात्र सगळा वेळ त्या जुळाऱ्यांचाच विचार करत होते.

आणखी एक, तुम्ही नक्की चिडाल असं. इथल्या जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ कादंबरी १९२२ साली पॅरिसमध्ये निघाली, पण छापली दिजों नावाच्या फ्रेंच गावात. जुळाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि लेखक प्रुफांच्या समासात पानंच्या पानं नवी लिहून पाठवत होता. तुम्ही त्याला जुळवलेल्या ओळींच्या गॅलीसमोर उभं करून चार शब्द सुनावले असते. गॅलीत एक शब्द वाढला की पुढचं सगळं सरकतं, हे मला तुमच्यामुळे माहीत आहे. म्हणून प्रुफात मी भर घालत नाही.

त्या संग्रहालयात एक निवृत्त जुळारी स्वयंसेवक म्हणून काम करतात. तुमच्याच वयाचे. ऑफसेट छपाई आल्यावर मालकांनी सगळे खिळे भंगारात किलोवर घातले, तेव्हा तुम्ही एक ‘ळ’ खिशात घालून आणलात आणि मी निघताना विमानतळावर माझ्या हातात ठेवलात. तो माझ्या पर्समध्येच असतो. मी तो त्यांना दिला. त्यांनी न बघता अंगठ्याने त्याची खाच चाचपली, अगदी तुमच्यासारखी, आणि सुलटा धरला. मग त्यांच्या अक्षरांच्या शेजारी उभा करून पाहिला. उंची बरोबर जुळली. ‘हा कसा उच्चारायचा?’ म्हणाले. मी ‘बाळ’ म्हणून दाखवलं. त्यांना जमेना, पण तीन-चारदा मनापासून प्रयत्न केला. मग शाई लावून कागदावर त्याचा छाप काढून दिला.

तो कागद सोबत पाठवते आहे. डोळ्याला त्रास होणार नाही अशा उजेडात बघा. डावीकडच्या गाठीची कड थोडी तुटकी दिसेल, ती खिळ्याचीच आहे, छपाईची नव्हे. आणि हा आकाराने किती पॉइंटचा ते मला कळवा. त्यांनी विचारलं होतं आणि मला सांगता आलं नाही.

तुमची,
धाकटी