सायकल हवीच, पण आधी चाल

व्हर्जिनिया बीच, अमेरिका

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. जूनमध्ये येतोयस, झकास! समुद्रकाठी सायकल चालवता येईल का, असं विचारलंयस. येईल की. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा सरळसोट 3 मैलांचा बोर्डवॉक, म्हणजे समुद्रकाठचा फिरायचा रस्ता, आहे. सगळा काँक्रीटचा, 28 फूट रुंद. त्याला लागून, हॉटेलांच्या बाजूने, सायकलींची वाट वेगळी काढलेली आहे. म्हणजे पायी चालणारा समुद्राच्या जवळ आणि सायकलवाला एक पाऊल मागे. मला ही वाटणी अगदी रास्त वाटते. तू कुरकुर करशील, माहीत आहे.

वेगळी वाट म्हणजे मोकळी वाट, असं मात्र समजू नकोस. इथे छपराच्या चारचाकी पायडलगाड्या भाड्याने मिळतात. अख्खं कुटुंब त्यात बसतं, पायडल एकटा बाप मारतो, आणि पोरं सुकाणूवरून भांडतात! अशी गाडी पुढे आली की तुझा सगळा वेग बोंबलला. म्हणून सकाळी लवकर निघायचं. वारा ईशान्येचा असेल तर आधी उत्तरेकडे जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीशी असतो. वाऱ्याने वाटेवर वाळू येऊन पडते, तिच्यावर ब्रेक दाबलास की चाक घसरलंच. घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्यायचं. खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

पण पहिल्या दिवशी माझ्याबरोबर चालायला ये. आपण ज्याच्यावर फिरतो तो बोर्डवॉक खरं तर वादळाच्या लाटा अडवणारा बंधारा आहे. पुढची रुंद पुळणही नुसती निसर्गाची नाही. समुद्र वाळू ओढून नेतो, माणसं ती पंपाने पुन्हा आणून टाकतात. सायकलवरून हे कळत नाही. कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की कळतं.

पंचविसाव्या रस्त्यापाशी समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एक ब्राँझची बाई आहे. 1891 साली ‘डिक्टेटर’ नावाचं नॉर्वेचं जहाज इथे फुटलं, कप्तानाची बायको आणि मुलगा बुडाले. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवलेली लाकडी बाईची मूर्ती किनाऱ्याला लागली. लोकांनी ती उभी करून ठेवली, आणि पुढे कितीतरी वर्षं ती तिथेच होती. आताचा पुतळा 1962 चा. त्याची जोडीदारीण नॉर्वेत, जहाजाच्या गावी, मॉसला आहे. पुढे एकतिसाव्या रस्त्यावरचा 34 फुटी नेपच्यून, रोमन समुद्रदेवाचा पुतळा, फोटोवाल्यांचा लाडका. मला तो फार भपकेबाज वाटतो, तुला बहुधा आवडेल.

मधेच ओशियाना या नौदलाच्या विमानतळावरची लढाऊ विमानं डोक्यावरून जातात, तेव्हा बोलणं थांबवावं लागतं. तुझ्या बाबतीत ती सोयच म्हणायची!

भाड्याच्या सायकलीच्या भानगडीत पडू नकोस, माझ्याकडे जादा आहे. सीट तुझ्या उंचीला चढवून ठेवतो. विमानाची तारीख पक्की झाली की लगेच कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय