गोष्ट संपू द्या: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी गेली अकरा वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहिते. आपल्या खात्याशी माझा थेट संबंध कधी आला नाही. हे पत्र लिहायला बसले त्याचं कारण माझी आई आहे.

गेल्या दिवाळीत पुण्याला आईकडे होते. ती ७६ वर्षांची आहे. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की टीव्ही लागतो, तो दहापर्यंत चालतो. त्या दिवशी मीच लिहिलेला भाग लागला होता. नायिकेच्या हाती एक कागद लागलेला असतो. तो नवऱ्याला दाखवला की घरातला सगळा गैरसमज मिटणार असतो. ती तोंड उघडते, तेवढ्यात सासूबाईंना चक्कर येते. आईने निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "अगं, ही सांगून का टाकत नाही? दोन वाक्यांचं तर काम आहे."

मला उत्तर माहीत होतं. तिने सांगितलं तर ट्रॅक, म्हणजे कथेतला तो धागा, संपतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात तिने सांगितलं होतं. मीटिंगमध्ये "तीन आठवडे ताणू या" असं ठरलं आणि त्या तीन आठवड्यांचे पाच महिने झाले. त्या काळात मी तिला कधी फोन आणून थांबवलं, कधी दिवे घालवून, कधी दारावरची बेल वाजवून. आईला यातलं काहीच सांगता आलं नाही. मी उठून चहा टाकायला गेले.

"हल्ली सिनेमे, मालिका सगळं बिघडलं, आमच्या वेळी असं नव्हतं," हे वाक्य आपणही घरोघरी ऐकत असाल. त्यातलं चित्रपटाबद्दलचं मला पटत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे यायला २००४ साल उजाडलं, तो 'श्वास'ला मिळाला. मधली पन्नास वर्षं तो मान आपल्याकडे फिरकला नाही, आणि आपण ज्याला सोन्याचा काळ म्हणतो तो नेमका याच पन्नास वर्षांतला. 'श्वास'नंतर मात्र 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' असे आणखी तीन चित्रपट २०१७ पर्यंत तिथे पोहोचले. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात 'कोर्ट'ला दोन पारितोषिकं मिळाली. २०२५ च्या जानेवारीत 'सबर बोंडा' अमेरिकेत सनडान्स महोत्सवाला गेला आणि तिथल्या जागतिक चित्रपटांच्या विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. हे चित्रपट तालुक्याच्या गावी बघायला मिळत नाहीत हे दुखणं खरं आहे, पण ते थिएटरचं दुखणं आहे. मराठी माणसाची गोष्ट सांगायची ताकद आटलेली नाही.

मालिकांबद्दल मात्र आईचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मालिका घसरल्या आहेत, आणि त्या घसरताना मी सेटवरच होते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि सिंहगडावरच्या केंद्रामुळे १९७३ पासून पुण्यातही दिसू लागलं. आई सांगते, वाड्यात एकाच बिऱ्हाडी टीव्ही होता आणि 'चिमणराव' असला की त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. चि. वि. जोशींच्या कथा, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. सेट साधे, कॅमेरा जागचा हलत नसे, मध्येच 'व्यत्यय'ची पाटी यायची. रटाळ कार्यक्रमही भरपूर होते, आईच तसं सांगते. पण गोष्ट मांडली की ती त्याच दिवशी कुठेतरी पोहोचायची. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असायचा, म्हणून त्याला सुरुवातही नीट करता यायची.

रोजची मालिका म्हणजे वाईटच, असंही मी म्हणणार नाही. १९९९ साली खासगी वाहिनीवर 'आभाळमाया' आली. तिची नायिका सुधा जोशी ही प्राध्यापक होती, नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे कळल्यावरही आपल्या पायांवर उभी राहिलेली. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरात त्यावर जेवताना वाद व्हायचे, आणि बाबा त्या वादात भाग घ्यायचे हे विशेष. पुढे २०१२ मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' वर्षाच्या आत संपवली, आणि लोक अजून तिची आठवण काढतात. म्हणजे जमत होतं.

मग बिघडलं कुठे? हिशेब मांडून दाखवते. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेहून जास्त होतात. भाग बावीस मिनिटांचा. म्हणजे एक मालिका वर्षाला शंभर तासांहून अधिक गोष्ट मागते, अडीच तासांच्या चाळीसएक चित्रपटांइतकी. एवढी गोष्ट कुणाकडेच नसते. मग वेळ भरावा लागतो. एका वाक्यावर घरातल्या सातही जणांचे चेहरे, प्रत्येकावर कॅमेरा तीनदा, खाली ढोल. लोक त्याला हसतात. पण तो प्रकार कुणा दिग्दर्शकाला आवडतो म्हणून होत नाही. सकाळी हातात दीडच सीन आलेला असतो आणि रात्रीपर्यंत भाग द्यायचा असतो, म्हणून होतो.

माझा एक साधा दिवस सांगते. रात्री अकराला फोन येतो की उद्या सासूचं काम करणाऱ्या ताई येणार नाहीत, त्यांना दुसरीकडे तारीख दिली आहे. बँक संपलेली असते, म्हणजे पुढचा एकही भाग तयार नसतो. सासू-सुनेचा समोरासमोरचा सीन मी फोनवरचा करते, सासूचा नुसता आवाज. पहाटे तीनला पानं व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. साताच्या शिफ्टला घोडबंदरच्या सेटवर कलाकार मेकअप करता करता ती वाचतात. गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे मालिका किती जणांनी पाहिली त्याचे, आकडे येतात, आणि ते पडले असतील तर कालपर्यंत सज्जन असलेला दीर शुक्रवारपासून कारस्थानी होतो. त्याचं काम करणारा मुलगा मला विचारतो, "ताई, हा असा का वागतो?" मी त्याला काय सांगू? मानधन भागागणिक मिळतं, तेही तीन-तीन महिन्यांनी हातात पडतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नसते.

भाषेचं तर बोलूच नये अशी अवस्था आहे. आता अनेक मालिका त्याच समूहाच्या दुसऱ्या भाषेतल्या वाहिनीवर आधी चाललेल्या असतात. बंगालीतली किंवा तेलुगूतली पटकथा हिंदीतून आमच्याकडे येते आणि तिला मराठी नेसवायची. घाईत 'मला मदत कर'चं 'माझी मदत कर' होतं आणि कुणाला खटकत नाही. एकदा मी 'ती हिरमुसली' असं लिहिलं होतं. "हा शब्द प्रेक्षकांना कळणार नाही, 'अपसेट' करा," असा निरोप आला. माझी आई दिवसातून चारदा हिरमुसते, मंत्रिमहोदय. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या सेटवर पेढे वाटले गेले. त्याच दिवशीच्या पानांवरचा 'ओशाळणे' हा शब्द खोडलेला मी पाहिला.

कारखाना असा बांधल्यावर माल असाच निघणार. ज्या नटांना आपण रंगभूमीवर टाळ्या देतो तेच मालिकेत कपाळावर आठ्या घालून उभे असतात. 'माणसं तीच, फक्त त्यांच्या हाती संपणारी गोष्ट द्या' एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे.

आपलं शासन मराठी चित्रपटाला 'अ' दर्जा मिळाला तर ४० लाख आणि 'ब' दर्जा मिळाला तर ३० लाख अनुदान देतं. नव्या व्यावसायिक नाटकाला प्रयोगामागे मदत देतं. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि तिने गावोगावच्या हौशी मंडळींतून किती नट, लेखक, दिग्दर्शक वर आणले हे आपल्याला मी सांगायला नको. पण जे माध्यम महाराष्ट्र रोज संध्याकाळी बघतो, त्यातल्या चांगल्या कामाला अशी साथ नाही. टीव्ही म्हणजे खासगी धंदा, तो आपलं बघून घेईल, असं बहुधा गृहीत धरलं गेलं असावं.

माझी विनंती तेरा भागांच्या मालिकेसाठी आहे. तेराच, चौदावा नाही. आधी लेखनाला पैसे द्या. दहा लेखकांना प्रत्येकी पाच लाख दिले तर पन्नास लाख होतात, म्हणजे 'अ' दर्जाच्या एका चित्रपटाच्या अनुदानाहून थोडेच जास्त. तेरावा भाग लिहून झाल्याशिवाय कॅमेरा लावायचा नाही, ही एकच अट घाला. निवड करणाऱ्या मंडळींत कथा-कादंबरी लिहिणारे आणि नाटकवाले असू द्या. विषयात मात्र कुणी, शासनानेसुद्धा, ढवळाढवळ करू नये. निवडलेल्यांपैकी तीन-चार संहिता चित्रित व्हाव्यात. गोरेगावची चित्रनगरी आपल्याच खात्याकडे आहे, कोल्हापूरचीही आहे. तिथले चित्रीकरणाचे मजले या कामासाठी सवलतीत दिले तर खर्चाचा मोठा भाग हलका होईल. सह्याद्री वाहिनी केंद्राची आहे हे मला ठाऊक आहे, पण राज्याने तयार मालिका पुढे ठेवली तर प्रसारभारतीशी बोलणं अवघड जाऊ नये. ती वाहिनी फुकट दिसते आणि गावोगाव पोहोचते. माझ्या आईकडे ओटीटी नाही आणि ती घेणारही नाही.

"लोकांना हेच आवडतं, आकडे बघा," असं आपल्याला सांगणारे भेटतील. मीही ते अकरा वर्षं ऐकते आहे. पण आकडे एवढंच सांगतात की त्या वेळी टीव्ही कशावर होता. त्या वेळी प्रेक्षक मेथी निवडत होता, की चिडून प्रश्न विचारत होता, हे आकड्यांत येत नाही.

भेटीची वेळ दिलीत तर मी येईन. रिकाम्या हातांनी येणार नाही. माझ्या कपाटात तेरा भागांची एक संहिता आहे, शेवटासकट पूर्ण. चार वर्षांपूर्वी एका वाहिनीला दाखवली तेव्हा "छान आहे, पण ही तर संपते," असं उत्तर मिळालं होतं. दिवाळीनंतर ती मी आईला वाचायला दिली. त्यातली बाई दुसऱ्याच भागात नवऱ्याला खरं काय ते सांगून टाकते. उरलेले अकरा भाग, सांगितल्यावर त्या घरात काय काय झालं, याचे आहेत.

आपली नम्र,
एक मालिका-संवादलेखिका
ठाणे