बाजार सुधारा, पण वरच्या माळ्यावरच्यांना विचारून

मा. संपादक,

बाहेरच्या देशांत 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' नावाचा एक प्रकार असतो, लोक त्याला बीआयडी म्हणतात. तसं काहीतरी गोव्यात म्हापशाच्या, मडगावच्या बाजारात आणा असं व्यापारी मंडळींच्या बोलण्यात अधूनमधून येतं. मला स्वतःला ही कल्पना आवडते. फक्त या सगळ्या बोलण्यात बाजारात धंदा करणारे असतात, बाजारात राहणारे कुठंच नसतात, म्हणून हे पत्र.

प्रकार साधा आहे. १९७० साली कॅनडात टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागात तो पहिल्यांदा झाला. तिथं रस्त्याखालून मेट्रो सुरू झाली, आजूबाजूला मॉल आले, गिऱ्हाईक कमी झालं, मग दुकानदारांनी ठरवलं की सगळ्यांनी पैसे काढून रस्ता नीट करायचा, दिवे, झाडं, बसायला बाकडी वगैरे. पण वर्गणी ऐच्छिक ठेवली की काही जण देतात आणि बाकीचे नुसताच फायदा घेतात (सार्वजनिक गणपतीची पावतीबुकं घेऊन फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको), त्यामुळे तिथं कायदाच केला की हद्दीतल्या प्रत्येक धंदेवाल्यानं द्यायचंच, वसुली पालिकेनं करायची आणि खर्च दुकानदारांच्या मंडळानं. पर्वरीला मॉल झाल्यावर आणि सगळं मोबाईलवरून घरी यायला लागल्यावर आपल्या दुकानदारांना हे पटायला लागलं तर त्यात नवल नाही.

आता प्रश्न असा की मंडळात बसणार कोण. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्यानं हे सुरू झालं, पहिलं २००५ ला लंडनच्या किंग्स्टन भागात, तिथं दर पाच वर्षांनी परत मतदान घ्यावं लागतं ही चांगली गोष्ट आहे, पण मत फक्त धंद्याचा कर भरणाऱ्यांना. राहणाऱ्यांना मत नाही. न्यूयॉर्कमध्ये जरा बरं आहे, मंडळात बहुमत मालमत्तेच्या मालकांचंच असतं तरी घरात राहणाऱ्या भाडेकरूंचा माणूसही कायद्यानं घ्यावा लागतो आणि महापौर, नगरसेवक यांचीही माणसं असतात. शिवाय नुसतं घर असलेल्यांकडून बऱ्याच ठिकाणी वर्षाला एक डॉलर घेतात. मला ही एक डॉलरची गोष्ट फार आवडली, कारण नावापुरता का होईना पैसा दिलाय म्हटल्यावर हिशोब विचारायला तोंड उघडता येतं.

आणि आपल्याकडे खरी अडचण इथंच आहे. गावात राहणाऱ्याला ग्रामसभा आहे, रविवारी जाऊन सरपंचाला उभं करून विचारता येतं, गोव्यात तर कित्येक प्रोजेक्ट ग्रामसभेनंच अडवलेत. शहरात राहणाऱ्याला काय आहे? संविधानात वॉर्ड समित्या सक्तीच्या आहेत त्या तीन लाखांवरच्या शहरांना, आणि गोव्यात तेवढं मोठं शहर एकही नाही, म्हणजे पणजी, मडगाव, वास्को, म्हापसा सगळेच बाहेर. अशात बाजाराचा कारभार एखाद्या मंडळाकडे गेला तर वरच्या माळ्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं, खालच्या दुकानाचा जनरेटर रात्रभर चालतो म्हणून तक्रार करायची कुणाकडे, तर ज्याचा जनरेटर त्याच्याचकडे!

म्हणून माझं म्हणणं, मंडळ करायचंच तर आधी हद्दीत राहणाऱ्यांची वर्षातून दोनदा ग्रामसभेसारखीच उघडी सभा ठेवा, तिथं हिशोब वाचा, आणि काही गोष्टी त्या सभेच्या मंजुरीशिवाय करायच्याच नाहीत असं लिहून ठेवा. माल उतरवायच्या टेम्पोची वेळ, रात्रीचे लाऊडस्पीकर, पार्किंगची जागा, कचरा कुठं साठवणार, या गोष्टी. दुकानदार आठ वाजता शटर ओढून घरी जातो, आम्ही तिथंच झोपतो.

फायद्याचं म्हणाल तर पहिला फायदा संडासाचा. हसू नका. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क एकेकाळी ड्रग्सवाल्यांचा अड्डा होतं, अशाच मंडळानं ते दुरुस्त करून १९९२ ला परत उघडलं, आणि त्याचं नाव झालं ते कुणीही उचलून कुठंही बसावं अशा खुर्च्यांसाठी आणि ताजी फुलं ठेवलेल्या स्वच्छ सार्वजनिक संडासासाठी. आपल्याकडे पेडण्याहून, डिचोलीहून भाजी घेऊन पहाटे आलेली बाई संध्याकाळपर्यंत बाजारात बसते, तिला विचारा पहिला खर्च कशावर करू, ती काय सांगेल ते मला माहीत आहे. फुलं नसली तरी चालतील, पाणी आणि कडी असावी.

दुसरं म्हणजे या मंडळांचा बराच पैसा सफाई आणि सिक्युरिटीवर जातो, मग ती कामं त्याच वॉर्डातल्या मुलांना द्या, बाहेरच्या एजन्सीला कशाला. पण सिक्युरिटी म्हटली की मला भीतीही वाटते, कारण काही शहरांत या मंडळांच्या गार्डांनी फेरीवाल्यांना, बेघरांना हाकलल्याचे आरोप झालेत. पुरुमेंताच्या म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या खरेदीला, चवथीला माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या) सामानाला आपण जातो ते फूटपाथवर बसलेल्या बायकांकडेच, त्यांना 'अस्वच्छ दिसतं' म्हणून उठवलं तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उरलं काय? त्या पालिकेला सोपो (बाजारात बसायचा कर) भरतात, फुकट बसत नाहीत. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात शहर समितीवर निदान ४० टक्के माणसं फेरीवाल्यांची आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असं स्पष्ट आहे, तोच हिशोब मंडळालाही लावा. पायलटांच्या म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या स्टँडचंही तसंच, त्यांना न विचारता पेव्हर घालून जागा 'सुशोभित' करू नका.

भाड्याचं काय हा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. रस्ता चांगला झाला की भाव वाढणार, मालक खूश आणि लहान दुकानदार व भाडेकरू बाहेर. यावर व्यापारी संघटनांनी आधी बोलावं, मग आमच्याकडे पाठिंबा मागावा.

आणि पहिली सभा लावाल ती कृपा करून शुक्रवारी लावू नका, त्या दिवशी म्हापशात कुणाला वेळ नसतो.

आपला,
बाजाराजवळ राहणारा एक म्हापसेकर