हरित रोजगारात कचरावेचक का नाहीत?

संपादक महोदय,

हवामान बदलाला तोंड देण्याच्या शहरांच्या आराखड्यांतून निर्माण होणाऱ्या रोजगारांवरचा कालचा लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण छतावरची सौर पॅनेल आणि विजेवरच्या बस यांपलीकडे लेखकाला काम दिसू नये, तेही पुण्यात बसून, याचा संताप आला. मुंबईच्या मार्च २०२२च्या आराखड्यातसुद्धा सहा विषयांपैकी एक घनकचरा आहे. इथे पुण्यात तर कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३पासून आहे आणि तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था २००८पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. हजारो घरांच्या चुली, बहुतांशी बायकांच्या कमाईवर, या कामातून पेटतात.

आमच्या सोसायटीत अशाच एक ताई यायच्या. कुणी ओला-सुका एकत्र दिला की बादली दारात ठेवून चार शब्द सुनवायच्या. पार्किंगमध्ये बसून दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, काच वेगळी करायच्या आणि गांडूळखताचा खड्डाही सांभाळायच्या. गेल्या वर्षी कमिटीने ठरवले, पार्किंगमधली ही वर्गवारी 'बरी दिसत नाही'. मी विरोध केला, मतदानात हरलो. आता ठेकेदाराचा टेम्पो येतो, त्यात सगळे एकत्र जाते. खड्डा बुजवून तिथे दोन स्कूटर लावतात. ताईंचे खताचे पैसे गेले, भंगाराचे गेले, घरटी मिळणारे शुल्कही गेले.

लेखकाने हिशेब इथे मांडायला हवा होता. कचरावेचकाची कमाई कचऱ्यातून जितके वेगळे काढाल तितकी वाढते. टनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराची कमाई ट्रक जितका जड तितकी वाढते. डेपोत गाडला गेलेला ओला कचरा मिथेन हा हवा तापवणारा वायू सोडतो, आणि त्या ढिगांशेजारी राहणे म्हणजे काय, हे फुरसुंगी-उरुळीकरांना विचारा. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असे २०१६च्या घनकचरा नियमांनीही सांगितले होते. असलेले रोजगार घालवायचे आणि नव्यांचे आकडे छापायचे, हे मला पटत नाही.

जाता जाता आणखी एक. आमच्या मागच्या रस्त्यावर रोज पहाटे झाडलेला पालापाचोळा पेटवतात. बंदी आहे, तक्रारी केल्या, कुणी फिरकले नाही. आपला बातमीदार सकाळी सहाच्या आत पाठवा.

— एक ज्येष्ठ नागरिक, कर्वेनगर, पुणे