स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनचे सदोष काम : तक्रार आणि भरपाईची मागणी

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
भोसरी वर्कशॉप, पुणे

विषय : पोर्शे केमन एस (९८७) गाडीच्या सस्पेन्शनचे काम सांगितल्याप्रमाणे न केल्याबाबत, त्यातून उद्भवलेल्या धोक्याबाबत व भरपाईबाबत.

संदर्भ : १२ ऑगस्ट २०२५ चे जॉब कार्ड आणि २३ ऑगस्ट २०२५ चे रु. ३,४२,००० चे बिल.

महोदय,

२३ ऑगस्टला गाडी ताब्यात घेऊन मी निघालो आणि भोसरीच्या उड्डाणपुलाच्या पहिल्याच सांध्यावर गाडी अशी आपटली की मला तिथेच शंका आली. सहा आठवड्यांनी, ५ ऑक्टोबरला, ताम्हिणी घाटात त्या शंकेची खात्री पटली. त्या दिवशी माझ्या शेजारी माझी मुलगी बसली होती. म्हणून हे पत्र मी सविस्तर लिहीत आहे, आणि ते तुम्ही पूर्ण वाचावे अशी माझी अपेक्षा आहे.

काम देताना मी काय सांगितले होते ते जॉब कार्डवर तुमच्याच सल्लागाराच्या अक्षरात आहे : "रस्त्यावर चालवण्यासाठी. घाटात पकड हवी. उंची जास्तीत जास्त १५ मिमी कमी." मी गाडी ट्रॅकवर नेत नाही. कोथरूडहून मुळशी, ताम्हिणी, कधी वाई, कधी महाबळेश्वर, एवढेच माझे फिरणे. जुने शॉकअप थकले होते, वळणात गाडी डुलायची, खड्ड्यातून गेल्यावर सावरायला वेळ घ्यायची. मला ते डुलणे घालवायचे होते. गाडी खाली बसलेली दिसावी अशी इच्छा मी एकदाही बोलून दाखवली नव्हती.

मिळालेली गाडी पुढून ४२ मिमी आणि मागून ३८ मिमी खाली होती. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची मापे मी काम देण्याआधी घरी घेऊन ठेवली होती, ती सोबत जोडली आहेत. मागच्या बाजूला डावी-उजवीत ९ मिमीचा फरक होता. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, स्पोर्ट्स कार आहे, कडकच असणार. थोडे दिवस चालवा, सेट होईल." महिनाभरात मी तीनदा फोन केला, तीनही वेळा हेच वाक्य ऐकले. गाडी परत आणा, बघतो, असे कोणीही म्हटले नाही.

कडकपणा आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या व्यवसायातल्या माणसांना मला सांगावे लागते याचे मनापासून वाईट वाटते. रस्ता उंचसखल असतो. चाक त्या उंचसखलपणाबरोबर वरखाली झाले तरच टायर रस्त्याला टेकून राहतो, आणि टेकून राहिला तरच पकड मिळते. तुम्ही मागे १० किलो प्रति मिमीच्या, म्हणजे एक मिमी दाबायला १० किलो वजन लागणाऱ्या, स्प्रिंगा घातल्या. केमनच्या मागच्या एका चाकावर येणारे वजन धरून हिशोब केला तर ती बाजू सेकंदाला साधारण अडीच वेळा वरखाली होते. रोजच्या गाड्यांमध्ये हा आकडा एक ते दीड असतो, रस्त्यावरच्या चपळ स्पोर्ट्स कारमध्ये दीड ते दोन. अडीच म्हणजे गुळगुळीत शर्यतीच्या ट्रॅकचा हिशोब. मुळशीच्या रस्त्यावर त्या स्प्रिंगांनी टायर रस्त्यावरून उडत होता.

उंची कमी करताना तुम्ही स्प्रिंगची बैठक खाली फिरवत नेली. तसे केले की शॉकअपचा दांडा गाडी उभी असतानाच तेवढा आत जातो. पुढच्या बाजूला बम्प स्टॉपपर्यंत, म्हणजे चाक वर येण्याची हद्द संपते तिथल्या रबरी ठोकळ्यापर्यंत, फक्त १८ मिमी जागा उरली होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधकसुद्धा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, आणि आपल्याकडे सोसायट्यांच्या दारात तर मापाचा गतिरोधक सापडणे कठीण. तिथे १८ मिमी कशाला पुरणार?

आणखी एक गोष्ट. केमनला चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे खाली एक आर्म आणि वर शॉकअपच चाकाला धरून ठेवतो. अशी गाडी फार खाली आणली की खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतो, वळणात चाक आत झुकायचे तसे झुकत नाही, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. म्हणजे दिसायला बुटकी झालेली गाडी वळणात आधीपेक्षा जास्त कलू शकते. ते कलणे मग १० किलोच्या स्प्रिंगने दाबून टाकायचे, हा उपाय झाला का?

आता ५ ऑक्टोबरचा रविवार. सकाळी ताम्हिणीहून माणगावच्या बाजूला उतरत होतो. रस्ता ओलसर होता, वेग ताशी ४५ किमी. एका डाव्या वळणाआधी वेग कमी करण्यासाठी मारलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्या आहेत. त्या पट्ट्यांवरून जाताना गाडी पायरी पायरीने खाली बसत गेल्यासारखी वाटली, आणि वळणातल्या ठिगळावर मागची बाजू एकदम उजवीकडे सरकली. समोरून एसटी चढत होती. पीएसएमचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकला, गाडी सावरली, एसटीच्या चालकाने बस कडेला घेतली म्हणून आम्ही वाचलो. मुलगी माणगावपर्यंत एक शब्द बोलली नाही.

असे का झाले ते दुसऱ्या वर्कशॉपमध्ये रॅम्पवर गाडी घेतल्यावर समजले. चारही शॉकअपचे कडकपणा ठरवणारे नॉब तुम्ही शेवटपर्यंत आवळून ठेवले होते, ३० पैकी ३० क्लिक. शॉकअप उघडताना इतका अडला की एका पट्टीवर दबलेली स्प्रिंग पुढच्या पट्टीआधी मोकळी होत नाही. मग गाडी प्रत्येक पट्टीला थोडी थोडी खाली बसते आणि वळणात शिरते तेव्हा बम्प स्टॉपवर टेकलेली असते. त्यातच मागच्या दोन्ही चाकांचा टो बाहेरच्या दिशेला होता, म्हणजे चाकांची पुढची टोके बाहेर वळलेली होती (टो-आउट), डावीकडे १४ मिनिटे, उजवीकडे ११ (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). इंजिन ज्या गाडीच्या मागच्या चाकांच्या अगदी पुढे आहे, तिच्या मागच्या चाकांना टो-आउट ठेवून रस्त्यावर सोडणे हा निष्काळजीपणा आहे, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

तुमच्या बिलात चाकांच्या अलाइनमेंटचे रु. ४,५०० लावले आहेत. सोबत दिलेल्या कागदावर २१ ऑगस्ट, सकाळी ११.४० अशी वेळ छापलेली आहे. तुमच्याच व्हॉट्सअॅप फोटोत २१ ऑगस्टला दुपारी ४ वाजता गाडीचे मागचे शॉकअप निघालेले दिसतात. याचा अर्थ अलाइनमेंट काम होण्याआधीची आहे. कामानंतर ती झालेलीच नाही, तरी पैसे घेतले.

आणि बुश. आर्मच्या सांध्यात नवे रबरी बुश बसवल्यावर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीला आवळायचे असतात. तुमच्या मेकॅनिकने ते चाके लोंबकळत असताना आवळले, हे त्याच फोटोंत दिसते. त्यामुळे गाडी खाली उतरवताच रबर पिळले गेले आणि सतत पिळलेलेच राहिले. दुसऱ्या वर्कशॉपने गाडी जमिनीवर ठेवून ते बोल्ट सैल केले, तेव्हा मागची डावी बाजू काहीही न फिरवता ६ मिमी खाली बसली. डाव्या-उजव्या फरकाचा मोठा भाग तिथेच गेला.

तिथे फारसे काही नवे बसवले नाही. तुम्ही बसवलेला शॉकअपचा संच तोच ठेवला, कारण संच चांगला आहे, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच उत्पादकाच्या मऊ स्प्रिंगा घातल्या, उंची मूळच्या १५ मिमी खाली आणली, नॉब मऊ टोकापासून ११ क्लिकवर ठेवले, मागे दोन्ही चाकांना ८-८ मिनिटे टो-इन दिला (पुढची टोके आत वळवली), आणि हे सगळे मी चालकाच्या जागेवर बसलेलो असताना मोजले. गेल्या रविवारी त्याच वळणावरून गेलो. पट्ट्यांवर टायरचा नुसता आवाज आला, ठिगळावर गाडी एकदा वाकली आणि सरळ झाली. स्टीअरिंगमध्ये रस्ता कळत होता. मला हेच हवे होते, आणि जॉब कार्डवर हेच लिहिले होते. ज्या शहरात एआरएआयसारखी वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे आणि गाड्यांवर जीव लावणारे इतके हात आहेत, तिथे हे काम पहिल्याच वेळी नीट होऊ शकले असते.

माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. मजुरीचे रु. ५८,००० आणि न झालेल्या अलाइनमेंटचे रु. ४,५०० परत करावेत. दुरुस्तीला लागलेले रु. ३४,८०० आणि बदललेल्या स्प्रिंगांचे रु. ४१,००० द्यावेत. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजून तारा दिसू लागल्या, नवी जोडी रु. ५२,००० ना पडली. ते टायर आधीच निम्मे वापरलेले होते, म्हणून निम्मीच रक्कम, रु. २६,०००, मागत आहे. एकूण रु. १,६४,३००. संचाचे पैसे मी मागत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर व रक्कम न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. मापांची नोंद, दोन्ही बिले, अलाइनमेंटचे दोन्ही कागद आणि फोटो सोबत आहेत.

आणखी दोन गोष्टी. गाडी घ्यायला आलो तेव्हा शेजारच्या रॅम्पवर एक पांढरी पोर्शे बॉक्सस्टर होती, तिचेही बोल्ट चाके हवेत असतानाच आवळले जात होते. त्या मालकाला आजच फोन करून गाडी परत बोलवा आणि तपासा. आणि माझ्या गाडीचे मूळ चार शॉकअप, स्प्रिंगा व टॉप माउंट अजून तुमच्याकडेच आहेत, ते मला परत हवे आहेत. या शनिवारी सकाळी ११ वाजता मी न्यायला येईन, बांधून तयार ठेवावेत.

आपला,
(सही)
केमनचा मालक, कोथरूड, पुणे