गाड्या थांबल्या, धूलिकण थांबले नाहीत

लंडन,
दि. १७ मे २०२०

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

विमाने बंद असल्यामुळे टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र दादाच्या मेलवर पाठवीत आहे; तो छापून तुमच्या हाती देईल. गेल्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात की, कोरोनाच्या टाळेबंदीत हवा निवळून पंजाबातल्या जालंधरहून हिमालयातल्या धौलाधारची शिखरे दिसू लागली, तर तुझ्या लंडनची हवा आता आरशासारखी झाली असेल. मी नुसते ‘हो’ म्हणालो, पण ते उत्तर अर्धेच खरे होते.

खरे होते ते नायट्रोजन डायऑक्साइडपुरते. हा वायू शहरात मुख्यतः वाहनांच्या, त्यातही डिझेलच्या धुरातून येतो आणि २३ मार्चच्या टाळेबंदीनंतर मध्य लंडनमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरले. परंतु माझ्या दम्याला ज्याची अधिक भीती, तो पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक धूलिकण, काही उतरला नाही. मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये काही दिवस तो एरवीपेक्षा चढलाच होता. खिडकीखालच्या रस्त्यावर तासाला चार गाड्याही जात नव्हत्या आणि मी मात्र, आपल्याकडे गळीत हंगामात पाचट पेटले की ओढायचो तसा, पंप ओढीत होतो.

कारण शोधता शोधता मी तुमच्याच धंद्यापाशी, म्हणजे शेतीपाशी, येऊन पोहोचलो. लंडनमध्ये वारा बहुतेक पश्चिमेचा, अटलांटिक महासागरावरून येणारा आणि म्हणून स्वच्छ असतो. यंदा त्या दिवसांत तो पूर्वेकडून, बेल्जियम, नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीवरून येत राहिला. तिथे आणि इथेही वसंताच्या तोंडाला शेतांत खते आणि गुराडुकरांच्या गोठ्यातली पातळ शेणमुताची रबडी पसरतात. युरिया टाकून लगेच पाणी सोडले नाही तर खत उडून जाते, असे तुम्ही नेहमी सांगता. ते उडून जाणारे म्हणजेच अमोनिया, उकिरडा उकरताना नाकाला झोंबतो तोच. ब्रिटनच्या हवेत जाणाऱ्या अमोनियापैकी ८० टक्क्यांहून अधिक अमोनिया शेतीतून येतो. कारखाने, जहाजे, वीजकेंद्रे आणि उरलीसुरली वाहने यांच्या नायट्रोजन ऑक्साइडपासून हवेत नायट्रिक आम्ल बनते, त्याच्याशी हा अमोनिया जुळतो आणि अमोनियम नायट्रेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. कडक उन्हाळ्यात हे कण पुन्हा वायुरूप होऊन विरतात, पण वसंतातल्या थंड रात्री टिकून राहतात आणि वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे जो कण माझ्या छातीत शिरला, तो लंडनच्या कुठल्याच नळकांड्यातून निघालेला नव्हता. त्याचे दोन घटक वाटेत, कुठेतरी कुरणावर, एकत्र आले होते.

हे काही यंदाचेच नाही. २०१४ च्या वसंतातही असेच धुरकट दिवस आले होते आणि त्या वेळच्या पंतप्रधानांनी सकाळचे धावणे रद्द केल्याची बातमी झाली होती. लोकांनी सगळा दोष सहाराच्या धुळीवर ढकलला. धूळ होतीच, पण पुढे झालेल्या अभ्यासात शेतीतल्या अमोनियाचा वाटा मोठा निघाला. वाळवंटाला दोष देणे सोपे असते, त्याचा मालक जाब विचारायला येत नाही.

शिवाय एप्रिलमध्ये इथे विक्रमी ऊन पडले आणि जमिनीलगतचा, श्वासाला त्रास देणारा ओझोन वायू वाढला. त्याची गंमत अशी की, गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड एरवी शहरातला ओझोन खाऊन टाकतो. गाड्या गेल्या, तसा खाणाराही गेला. त्यातच घरी बसलेले काही शेजारी संध्याकाळी हौसेने लाकडाची शेकोटी पेटवतात. आईला चुलीवरून गॅसवर आणायला आपल्याला किती वर्षे लागली, ते आठवून मला हसू येते.

आता तुम्हाला एक विचारायचे आहे. यंदा धाकट्या काकांनी उसाच्या खोडव्याला युरिया वरून न फेकता मातीत गाडून दिला, असे दादा म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्या वावरात गेल्यावर झोंबणारा वास कमी जाणवला का, आणि खत किती कमी लागले, ते सवडीने कळवावे. आईस साष्टांग नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
सुहास